देवी आलेली नळी

गुलाबकाकांचं नाव आधी लिहून टाकते, मग बाकीचं. माझी सवय मला माहीत आहे. बोलायला लागले की मी घरदार, भाजीपाला, कोण कुठे बसलं होतं यातच रमते आणि ज्याच्यासाठी बोलायला बसले तोच माणूस राहून जातो. तर गुलाबकाका. माझ्या इंदूमावशीचे यजमान, वर्ध्यातले जुन्या बंदुका दुरुस्त करणारे परवानाधारक मिस्त्री. मी नववीतून शाळा सुटलेली, आईवेगळी पोर. माझ्याशी त्यांचं रक्ताचं नातं नव्हतं, तरी त्यांनी मला घरात घेतलं, हाताला काम दिलं, आणि माझ्या तोंडून निघालेल्या एका वाक्यामुळे जो बोल लागला तो स्वतःवर घेतला. तो बोल अजून त्यांच्या नावावर आहे. म्हणून हे लिहिते आहे.

मी राजापूरच्या बाजूची. आईच्या दुखण्यात शाळा सुटली, ती गेल्यावर सुटलेलीच राहिली. वडील त्याआधीच गेले होते. इंदूमावशी वर्ध्याला दवाखान्यात नर्स होती. ती दिवसकार्याला आली आणि जाताना मला घेऊन निघाली. गाडीत तिनं मला दोनदा विचारलं, "रडायचंय का गं?" मी नाही म्हटलं, आणि ते खरंच होतं. दात काढताना डॉक्टर सुई देतात, मग बराच वेळ गाल आपला वाटत नाही, चावला तरी कळत नाही. माझं सगळं अंग तसं झालं होतं. घाट संपला, झाडं संपली, मग सपाटच सपाट आणि काळी जमीन. मी खिडकीतून बघत होते आणि एकच काळजी करत होते, की यांनी मला परत पाठवलं तर उतरायचं कुठल्या स्टेशनला.

घर वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेत. पुढच्या खोलीत काकांचं काम, मागे आम्ही. पहाटे मावशी ड्युटीला निघायची तेव्हा सायकलीचं स्टँड खटकन वाजायचं, मग काकांची कानस सुरू व्हायची, खर्र खर्र, मध्ये थांबून फुंकर, पुन्हा खर्र. लांबून गाड्या जायच्या. दिवसा कोणती गाडी गेली हे काका आवाजावरून सांगत आणि बहुतेक वेळा चुकत. जेवणात ज्वारीची भाकरी, आंबाडीची भाजी, झुणका, कधी पातोडीचा रस्सा, आणि रोज जवसाची चटणी. मला भाताची आणि माशाची सवय. पण मी जे वाढतील ते मुकाट खायची, कारण "काय नको" हे सांगणारी पोर लोकांना जड होते असं मला वाटायचं. माझ्या हाताला रॉकेलचा वास असायचा, तोच वास भाकरीला लागायचा. काका म्हणायचे, "आमच्या घरची पोट्टी रॉकेलवर चालते." मी हसायची. हसायचं असतं हे मला कळत होतं.

काकांची साखर वाढली होती आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. हाताला सगळं कळायचं, पण नळीच्या आतलं हाताला कळत नाही. ते काम त्यांनी मला शिकवलं. मागची डाट काढली की बंदुकीची नळी म्हणजे दोन्हीकडून उघडी पोंगळी. ती खिडकीकडे धरायची आणि डोळा लावायचा. चांगल्या नळीत उजेडाची कडी एकात एक दिसतात, विहिरीत वाकून पाहावं तशी. रायफल असेल तर त्या कड्यांतून पिळाच्या रेघा वळत जातात. काका त्यांना आटे म्हणत. फार वापरलेल्या नळीत आटे बसलेले असतात, जुन्या जात्यावरच्या टाकीच्या घावांसारखे, असून नसल्यासारखे. आणि गंजानं खाल्लेली नळी असली तर आत बारीक बारीक काळे खड्डे. अशा नळीला काका म्हणत, "हिले देवी आल्या." देवीचे व्रण बरे झाले तरी चेहऱ्यावर राहतात, तसे हेही राहतात. गिऱ्हाइकाला मात्र चकचकीत हवं असायचं. काका समजावून सांगत, "खड्डा काढाचा म्हंजे त्याच्या आजूबाजूचं चांगलं लोखंड खाचं. नळी पातळ होते. उथळ असन तर साफ करा, तेल द्या अन् राहू द्या. खोल असन तर बंदुकीले पेन्शन द्या."

हल्ली बारीक तारेला कॅमेरा लावतात आणि नळीचं आतलं मोबाइलवर दिसतं. भाच्यानं मला एकदा दाखवलं. फार स्पष्ट दिसतं. इतकं स्पष्ट, की कशाकडे बघायचं तेच कळेना. काकांचं पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यांना छान दिसायला लागलं, तरी नळी हातात आली की ते मलाच हाक मारायचे, "शैला, पाय, आतून कशी हाये." त्यांना आता माझी गरज नाही हे मला कळू नये, एवढ्यासाठी. हे माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षं गेली.

तर पोळ्याच्या आधीची गोष्ट. तळेगावच्या पलीकडच्या एका गावातून तिघं जण आले. कौसल्याबाई, तिचा दीर सुभानराव आणि तिचा मुलगा पांडुरंग, नुकतीच मिशी फुटलेला. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली रायफल त्यांनी पाळण्यातल्या मुलासारखी आडवी आणली होती. मालगुजारीच्या काळातली, तोंडातून दारू ठासायची, लांबलचक. त्यांच्या गावात पोळ्याला सगळे बैल गावाबाहेरच्या आखरावर तोरणाखाली उभे राहत, झडत्या म्हणजे पोळ्याची गाणी म्हणून होत, आणि या बंदुकीचा बार निघाला की पोळा फुटे, बैल सुटत. गोळी नाही, नुसती दारू आणि वरून चिंध्या ठासायच्या. बार काढायचा मान यांच्या घराचा.

"दुरुस्ती काई नाई, मिस्त्री," सुभानराव बसता बसता म्हणाले. "लाकडाले तेलपाणी करा, घोडा पायून घ्या. आतून तर आरसा हाये आरसा."

"आरसा हाये त मंग आनली कायले?"

"बार काढनारा आमचा बुडा बाप गेला ना चैतात. यंदा बार पांडू काढन. म्हटलं, एकडाव मिस्त्रीचा हात लागू द्या."

"याले गाल कसा टेकवाचा थेही मालूम नाई," कौसल्याबाई म्हणाली.

"माय, मालूम हाये मले."

"मालूम हाये म्हने! दिवाळीले फटाका लावला का कान झाकून घरात पयते."

पांडुरंगानं मान खाली घातली आणि हसला. काकांनी डाट उघडली, नळी माझ्याकडे दिली. "पाय."

मी पाहिलं. खरंच आरसा होता. पिवळट, सोन्यासारखा उजेड शेवटपर्यंत. "चकचकीत आहे," मी म्हटलं. सुभानरावांनी मांडीवर थाप मारली. पण माझा डोळा निघेना. आजही कुणी विचारलं, की त्या दिवसांत तुला काय वाटत होतं, तर मला सांगता येणार नाही. काय दिसत होतं ते मात्र सांगता येईल. तो उजेड जरा जास्तच गुळगुळीत होता. आटे बोथट दिसत होते, पण झिजल्यासारखे नाही, पांघरूण घेतल्यासारखे. आणि मागच्या टोकाला सुरकुत्या होत्या.

"पन काय?" काकांनी विचारलं. मी 'पण' म्हटलंच नव्हतं.

"मागच्या टोकाला साय धरल्यासारखं दिसतंय. दुधावर धरते तशी."

"साय!" सुभानराव हसायला लागले. "पोट्टीले भूक लागली असन. चार बिस्किटं द्या तिले."

काका हसले नाहीत. त्यांनी नळी नाकाशी नेली, मग कौसल्याबाईला विचारलं, "दसऱ्याले काय करता हिचं?"

तिनं फार कौतुकानं सांगितलं. जसं देवाचं करतात तसं. दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं नळीत ओतून आंघोळ घालायची. मग पाणी, मग पुसणं, मग घरच्या जवसाचं घाणीचं तेल भरपूर, आणि तोंडाला लाल फडक्याचं बूच. सासऱ्याच्या आजापासून चालत आलेलं. एक वर्ष चुकलं नव्हतं. पोळ्याला बार काढला की बंदूक पुन्हा भिंतीवर, ती दसऱ्यालाच खाली. पोटात दारूची राख तशीच.

मी त्या घरात वर्षभर जवसाची चटणी खाल्ली होती, पण जवसाच्या तेलाचा गुण मला त्या दिवशी काकांकडून कळला. ते वाळलं की तेल राहत नाही, त्याचं कातडं होतं. म्हणून तर सुतार लाकडाला लावतात. बंदुकीला लावायचं ते न वाळणारं तेल. यांच्या नळीत दर दसऱ्याला दह्यादुधाचा आंबटपणा आणि बाराची राख राहत होती, आणि त्यावर दर दसऱ्याला एक कातडं चढत होतं. आत गंज खात होता आणि वरून आरसा होत होता. यात कुणाचं काय चुकलं म्हणायचं? दुर्लक्ष केलं असतं तर निदान गंज दिसला असता.

"ठेवून जा," काका म्हणाले. "पोळ्याच्या आधी येऊन नेजा."

ते गेल्यावर काकांनी मला विचारलं, "नक्की साय दिसली ना तुले?" मी हो म्हटलं आणि लगेच भीती वाटली, की नसली तर. रॉकेलनं ते कातडं हललं नाही. मग कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून नळी भरली, काढली, पुन्हा भरली. काका काठीला चिंधी बांधून ओढत होते, मी पाणी तापवत होते. पहिल्यांदा नुसतं चहासारखं पाणी आलं. मग कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे यायला लागले, तपकिरी, आंबूस वासाचे. मावशी दारातून आत आली आणि नाकाला पदर लावून म्हणाली, "काय शिजवताय रे दोघं?" पाणी स्वच्छ यायला लागल्यावर मी नळी खिडकीकडे धरली. देवी आलेल्या होत्या. तोंडाशी तुरळक, मागे दाट. मागच्या टोकाला तर व्रणाला व्रण लागून नुसता खडबडीत काळोख. काकांनी आकडा वळवलेली बारीक तार आत सरकवली. एका जागी ती अडकली. त्यांनी काढून पुन्हा घातली. पुन्हा तिथेच.

"इथं खोल हाये," ते म्हणाले. "भिंत किती उरली, कोन जाने."

तिघं पोळ्याच्या दोन दिवस आधी आले. काकांनी नळी सुभानरावांच्या हाती दिली आणि पाहायला सांगितलं. ते बराच वेळ पाहत राहिले. नळी खाली घेतली तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"मिस्त्री, आरसा होता हा. हे खड्डे कुठून आले?"

"तेलाखाली होते. कढत सोड्यात धुतलं तवा दिसले."

"तेलाखाली! आमच्या बापजाद्यानं साऱ्या गावासमोर बार काढले हिचे. कोनं सांगतलं तुमाले सोलाले? या पोट्टीनं? हिले साय दिसली म्हनून आमची बंदूक सोलली?"

माझ्या हातात पाण्याचे पेले होते. आता हे मला परत पाठवणार, एवढंच माझ्या मनात आलं. पेले हललेसुद्धा नाहीत.

"तिले काऊन बोलता?" काका म्हणाले. "मले आधीच शंका होती. सोलाचं म्या ठरवलं. काई असन थे मले बोला."

शंका आधीच नव्हती. मी पाहिलं नसतं तर त्यांनी घोड्याला तेल देऊन बंदूक परत केली असती. हे त्यांना माहीत होतं आणि मला माहीत होतं.

"बांध रे पांडू," सुभानराव उठले. "इतक्या वर्सात फुटली नाई, थे यंदाच फुटन का?"

काकांनी अडवलं नाही. नुसतं म्हणाले, "सुभानराव, च्या पिईपर्यंत बसा. मंग खुशाल न्या. बंदूक तुमची हाये." आणि मला शेजारच्या मास्तरांकडून खडू आणायला पाठवलं. मी तो वाटला, त्यांनी पाण्यात कालवला आणि नळीला बाहेरून मागच्या अंगाला पातळ लेप दिला. तो वाळल्यावर एका टोकाला लाकडी बूच ठोकून नळी उभी केली आणि आत रॉकेल ओतलं. चहा झाला. सुभानरावांनी घेतला नाही, कौसल्याबाईनं बशीत ओतून घेतला. पांडुरंग मध्येच म्हणाला, "काई दिसत नाई," आणि पुन्हा नळीकडे वाकला.

मग पांढऱ्यावर एक ठिपका रॉकेलनं ओला झाला. त्याच्याखाली दुसरा. ते जुळले आणि उभी बारीक रेघ झाली, पेन्सिलीनं ओढावी तशी, नेम धरताना गाल जिथे टेकतो त्याच्या थोडीच पुढे. आम्ही बघत होतो आणि ती लांबत होती. कौसल्याबाईनं बशी खाली ठेवली. रेघेवर बोट ठेवून वास घेतला. मग तिनं पांडुरंगाकडे पाहिलं, त्याच्या उजव्या गालाकडे. तो हातानं गाल चोळायला लागला, काही लागलंय असं वाटून.

"रॉकेल टाकून फोडली," सुभानराव पुटपुटले. "सोड्यात उकळली अन् फोडली."

"भाऊजी, फोडली असन का फुटकी असन," कौसल्याबाई म्हणाली, "पन हे माह्या लेकाचं थोबाड हाये. नाई उडवाची." मग काकांकडे वळून तिनं अगदी हळू विचारलं, "पन मिस्त्री, पोळा कसा फुटन?"

तिच्या सांगण्यावरून काकांनी बार पेटायचं भोक कायमचं बुजवून दिलं आणि सांगितलं, की पूजा करा, पण आता दूध-दही बाहेरूनसुद्धा नको. जाताना सुभानराव म्हणाले, "गावाले तुम्हीच सांगाले या." त्यांना वाटलं काका येणार नाहीत.

पोळ्याला काका निघाले आणि मला बरोबर घेतलं. तळेगावपर्यंत एसटी, पुढे पायी, कारण पोळ्याला कुणी बैलगाडी जुंपत नाही. आखरावर बैलच बैल, शिंगांना बेगड, अंगावर रंगाचे छाप, गळ्यांत घुंगरांचा एकच खळखळाट. रायफल हार घालून खुर्चीवर ठेवली होती, म्हाताऱ्या माणसासारखी. झडत्या झाल्या. पांडुरंग पुढे गेला आणि त्यानं तोरण हातानं ओढून तोडलं. तोरण पडलं. आणि बैल जागचे हलले नाहीत. त्यांना बाराची सवय. मालकांनी कासरे ओढले, पाठीवर थापा दिल्या, पण बैल तोरणाच्या पानांना तोंड लावून शांत उभे.

"अबे, बैलाईले बी कोनीतरी सांगा, बंदूक रिटायर झाली म्हना!" कुणीतरी ओरडलं. हशा झाला. शेवटी एक जण घरी पळाला आणि मागच्या दिवाळीचा सुतळी बॉम्ब घेऊन आला. तो सादळला होता, फुसकन विझला. दुसरा वाजला. मग बैल उधळले आणि पोळा फुटला. लोक हसत होते, आणि हसता हसता काकांकडे बघत होते. सुभानराव एकेकाला सांगत होते, आरशासारखी नळी होती, मिस्त्रीनं सोलून वाया घालवली. एक म्हातारा तोंडावर बोलला, "मिस्त्री, तुमचं सर्विसिंग लय भारी बावा!" काका म्हणाले, "हो, फार जुनी होती." बस, एवढंच. कौसल्याबाईनं आम्हाला पुरणपोळी आणि वडे वाढले, माझ्या पोळीवर तुपाची धार जरा जास्त धरली. काकांनी साखर असूनही पोळी खाल्ली. मीही खाल्ली. मला लाज वाटायला हवी होती, राग यायला हवा होता, काकांचा अभिमान वाटायला हवा होता. यातलं काही आलं नाही. मी तुपाकडे बघत राहिले.

त्यानंतर त्या बाजूची गिऱ्हाइकं आमच्याकडे फिरकली नाहीत. दसऱ्याच्या आधी तळेगावजवळच्या आष्टीकडून येणारी कामं नागपूरला जायला लागली. मावशी चिडायची, "एकदा जाऊन खरं सांगून या ना!" काका कानशीवरची धूळ झटकत म्हणायचे, "काय सांगू? पोराचे दोन्ही डोळे शाबूत हायेत. म्हनून त्याहिले वाटते, काई झालंच नसतं. फुटली असती तर सारे म्हनले असते, मिस्त्रीचं आयकाले पायजे होतं. मंग काय, हेच बरं." आणि माझं नाव त्या गोष्टीत त्यांनी कुठेही येऊ दिलं नाही. नवीन आलेली, आईविना पोर, तिच्या नावानं गावात हसू नये, हे त्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं.

मी इथेच राहिले. इथलंच लग्न झालं, इथलीच झाले, तरी बोलायला लागले की लोक अजून विचारतात, तुम्ही कुठल्या? मावशी गेली. काका नव्वदीला टेकलेत, दोन गल्ल्या सोडून राहतात. मी रोज डबा नेते. गेल्या वर्षी आष्टीच्या बाजारात एका माणसाला मी संत्री निवडताना पाहिलं, बाजूला नातू. पांडुरंगच होता. फळ डोळ्यांजवळ नेऊन, दोन्ही डोळे बारीक करून देठ पाहत होता. गाल सुरकुतलेला, धड. मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यानं मला ओळखलं नाही. मला बोलता आलं असतं, पण माझी जीभ पुन्हा तशीच बधिर झाली, आणि तो पिशवी उचलून निघून गेला.

डबा ठेवताना मी काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "बरा दिसला का?" बरा दिसला म्हटलं. "मंग झालं," म्हणाले. पण झालेलं नाही, काका. अजून त्या गावात पोळ्याला बॉम्बच वाजतो आणि अजून कुणीतरी नव्या पोरांना सांगतं, की वर्ध्याच्या एका मिस्त्रीनं आपली बंदूक खराब केली. तुमचे पाय धड असेपर्यंत एका पोळ्याला मी गाडी करणार आहे. तुम्हाला आखरावर खुर्ची टाकून बसवणार आहे, आणि तोरण तुटायच्या आधी सगळ्यांसमोर सांगणार आहे, की साय मला दिसली होती, नळी माझ्या शब्दावर सोलली, आणि या माणसानं तो शब्द स्वतःचा म्हणून सांगून मला लपवलं. लोक हसले तर हसू देत. तुम्ही नको म्हणाल हे मला माहीत आहे. यंदा जमलं नाही तर पुढच्या पोळ्याला, पण नेणार.